मधली पंचाहत्तर वर्षं: नॅरोगेज इंजिनाचा इतिहास कुठून लिहायचा?

वाफेच्या इंजिनाचा इतिहास लिहायला घेतला की पहिल्या आठवड्यात भरपूर सापडतं आणि पुढचे सहा महिने जवळपास काहीच सापडत नाही. माझंही तसंच झालं. बार्शी लाइट रेल्वेचं पहिलं इंजिन कुठल्या कारखान्यात तयार झालं, त्याला चाकं किती होती, चाचणी कुठे झाली, हे चटकन हाती आलं. मी खुशीत सिनॉप्सिसचं पहिलं प्रकरण लिहून टाकलं. मार्गदर्शक मॅडमनी ते वाचलं आणि समासात एकच प्रश्न लिहिला: "इंजिन बार्शीला पोचल्यावर पुढे काय झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी वाटलं, आपलं शोधणंच कमी पडतंय. नंतर लक्षात आलं की ही पोकळी योगायोगाने पडलेली नाही, तिला कारणं आहेत. पेट देऊन विषय शोधत असाल, आणि तुमचा विषय यंत्र, इमारत, पूल, गिरणी असा "वस्तू"चा असेल, तर ही पोकळी तुम्हालाही भेटणार आहे. म्हणून आज तिच्याबद्दल.

आधी मुद्दा सांगतो. जुन्या इंजिनाच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. पहिला जन्माचा: नकाशे, करार, चाचण्या, उद्घाटन. दुसरा नोकरीचा: रोज माल आणि माणसं ओढण्याचा. तिसरा, नशीब असेल तर, पुनर्जन्माचा: कुणीतरी ते इंजिन दुरुस्त करतं, रंगवतं, पुन्हा चालवतं. पहिल्या आणि तिसऱ्या भागाचे कागद आणि फोटो मुबलक असतात. मधला भाग सगळ्यात लांब, आणि तोच गप्प असतो. आपण लिहितो ते बहुतेक इतिहास पहिल्या भागातून उडी मारून तिसऱ्यात उतरतात. संशोधकाचं काम मधल्या भागाला बोलतं करण्याचं आहे.

हे दोन उदाहरणांवरून बघू. एक आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं, बार्शी लाइटचं. दुसरं माथेरानचं, जे आज इंग्लंडमध्ये पुन्हा वाफेवर चाललेलं आहे. दोन्हींच्या मागे एकच इंजिनिअर आहे, त्यामुळे तुलना करणं सोपं जातं.

जन्म: बार्शीसाठी, पण लीड्समध्ये

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, पुण्याहून सोलापूरकडे येणारा ब्रॉडगेज मार्ग 1859 मध्ये बार्शी रोडपर्यंत आला आणि 1860 मध्ये सोलापूरला पोचला. बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. नावात बार्शी असली तरी बार्शी तिथून साधारण पस्तीस किलोमीटर लांब. बार्शी ही मोठी बाजारपेठ. इलाख्याच्या हद्दीत, पण पूर्वेला लगेच निजामाचा मुलूख. बालाघाटाच्या पलीकडचा कापूस आणि गळिताची धान्यं या बाजारात उतरायची आणि इथून बैलगाड्यांनी स्टेशनवर जायची. रेल्वे जवळ आली होती, पण शेवटचे पस्तीस किलोमीटर बैलांच्याच पायावर होते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप 1882 मध्ये जीआयपीच्या नोकरीत आला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात कामाला सुरुवात केलेला हा माणूस. मुख्य मार्गाला जोडणाऱ्या स्वस्त, अरुंद, हलक्या रेल्वेची कल्पना त्याने इथेच धरली. नोकरी सोडून तो कल्पनेच्या मागे लागला आणि 1895 मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. डबे लीड्स फोर्ज कंपनीचे, दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यांचे. मार्ग 1897 मध्ये सुरू झाला.

आता एक गोष्ट नीट बघा. जानेवारी 1896 मध्ये, मार्ग सुरू होण्याच्या वर्षभर आधी, लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून या गाडीच्या जाहीर चाचण्या झाल्या. मुद्दाम तीव्र वळणं ठेवली, चढ ठेवला. बघायला बोलावले ते इंजिनिअर आणि रेल्वेच्या धंद्यातले लोक. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये लाइट रेल्वेज ॲक्ट मंजूर झाला, म्हणजे गावोगावी हलक्या रेल्वे टाकणं सोपं करण्याची चर्चा तिकडे जोरात होती. कॅलथ्रॉपला नवी कामं मिळवायची होती. पुढे 1904 मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, तिचा इंजिनिअर तोच आणि तिच्यामागचा नमुना बार्शीचा.

म्हणजे बार्शीच्या इंजिनाने बार्शीचा एक गठ्ठा कापूस ओढण्याआधी इंग्लंडमध्ये जाहिरातीचं काम केलं होतं. आपल्याला त्याच्या जन्माची माहिती मुबलक मिळते ती याचमुळे. माहिती पसरवणं हाच तेव्हाचा उद्देश होता. पुरावा हातात आला की "यात काय लिहिलंय" इतकंच न विचारता "हे कुणासाठी लिहिलं होतं" हेही विचारायचं, असं आपण मेथडॉलॉजीच्या पेपरात घोकतो. इथे तो प्रश्न खरोखर कामाला येतो. न्यूलेच्या चाचणीवरून इंजिन काय करू शकत होतं ते कळतं. बार्शीत ते काय करत होतं, ते कळत नाही.

पाच टनांचा आकडा

तरीही जन्माच्या कागदात एक आकडा असा आहे की तो मधल्या काळात शिरायची किल्ली ठरतो. पाच टन.

बार्शी लाइटच्या कुठल्याही गाडीच्या कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, असा कॅलथ्रॉपचा नियम होता. डब्यालाही तोच, इंजिनालाही तोच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळी गंमत यातच आहे. सर्वसाधारण रेल्वेत सगळ्यात जड वाहन इंजिन असतं, त्यामुळे रूळ इंजिनाच्या वजनाला पुरेल असे टाकावे लागतात. इंजिन एका जागेवरून काही सेकंदात निघून जातं, पण त्याच्यासाठी सबंध मार्गभर जड रूळ घालायचे. कॅलथ्रॉप म्हणाला, इंजिनाचं वजन जास्त आसांवर वाटा, म्हणजे ते भरलेल्या डब्यापेक्षा रुळाला जड लागणार नाही. मग हलके रूळ पुरतात.

आता हिशेब करून बघू. बार्शीसाठी ठरवलेला रूळ यार्डाला 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे 15 किलो. एका किलोमीटरला दोन्ही बाजूंचे मिळून 30 टन पोलाद. पस्तीस किलोमीटरला साधारण 1,050 टन. रूळ दुप्पट जड घातले तर आणखी तेवढंच. भारतात तेव्हा रूळ बनत नव्हते, सगळं पोलाद बोटीने यायचं. तेव्हा पाच टनांचा नियम म्हणजे थेट पैशांचा नियम होता. तुलनेसाठी: आज ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर मीटरला 60 किलोचा रूळ असतो आणि मालगाडीच्या एका आसावर वीस टनांहून जास्त भार येतो.

या आकड्यावरून इंजिनाचा आकारही उलगडतो. किटसनच्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती, म्हणजे ओढणारे चार आस. मागे चार छोटी चाकं, म्हणजे आणखी दोन आस, कोळशाचा आणि पाण्याचा भार घ्यायला. सहा आस गुणिले पाच टन: सगळं इंजिन 30 टनांच्या आत बसलं पाहिजे. ओढणाऱ्या आसांवर जास्तीत जास्त 20 टन. कोरड्या रुळावर चाक घसरू न देता साधारण या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतका जोर लावता येतो, म्हणजे 5 टनांच्या आसपास. दोनच आस जोडले असते तर जोर निम्मा झाला असता. चारच का जोडले, याचं उत्तर रुळात मिळतं. इंजिनाचं चित्र कितीही वेळ बघत बसलो असतो तरी ते मिळालं नसतं.

माझ्यासाठी हा पहिला धडा होता. इंजिन समजून घ्यायचं तर आधी त्याच्या खाली बघावं.

मागे बघितलं की काय दिसतं

दुसरी दिशा मागची, म्हणजे डब्यांची. पाच टनांचा नियम डब्यांनाही लावा. चार आसांचा डबा, भरलेला, जास्तीत जास्त 20 टनांचा. डबा स्वतः पाच टनांचा धरला तर माल 15 टन. मुंबईच्या बाजारातली बांधलेली कापसाची गाठ 392 पौंडांची धरली, तर वजनाच्या हिशेबाने अशा एका डब्यात 85 गाठी होतात. पत्र्याचे हलके डबे कशासाठी, ते इथे कळतं. डब्याचं वजन जितकं कमी, तितकं माल नेता येतं.

पण या 85 गाठींचं कुर्डुवाडीला काय व्हायचं? गेज बदलायचं. अडीच फुटी डब्यातला माल साडेपाच फुटी डब्यात चढवायचा, आणि ते माणसांनी करायचं. पावसाळा असो, उन्हाळा असो, पाठीवर. बार्शी लाइटच्या स्वस्ताईचा एक भाग रुळात होता, तर एक भाग कुर्डुवाडीच्या हमालांच्या पाठीवर होता. कॅलथ्रॉपला हा प्रश्न माहीत होता. इंग्लंडच्या लीक अँड मॅनिफोल्डवर त्याने मोठ्या गेजचा अख्खा डबाच वाहून नेणाऱ्या खास गाड्या वापरल्या, म्हणजे माल उतरवायची गरज नको. एकाच माणसाने एका ठिकाणी हमाली टाळण्यावर खर्च केला, दुसऱ्या ठिकाणी हमाली गृहीत धरली. मजुरी कुठे महाग होती आणि कुठे स्वस्त, हे त्या दोन रचना बघून कळतं. हे वाक्य इंजिनाच्या चरित्रात कुठेच येणार नाही, पण इंजिनाच्या इतिहासात यायलाच हवं.

उद्घाटनाचं सालही परत बघा. 1897. 1896–97 चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यावर जोरात आलेला होता आणि त्याच सुमाराला मुंबई, पुण्यात प्लेग होता. कापूस बाहेर नेण्यासाठी आखलेली गाडी सुरू झाली ती दुष्काळात. 1880 च्या दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवण्यावर भर दिला होता तो धान्य आत आणण्यासाठी. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या गाड्यांबद्दल विचारायचा प्रश्न "कापूस किती गेला" इतकाच नाही. कुठल्या दिशेला काय गेलं, धान्य आत आलं की बाहेर गेलं, कुठल्या भावाने गेलं, हे विचारायचं. प्रश्न बदलला की तेच मालवाहतुकीचे तक्ते वेगळं बोलायला लागतात.

1906 मध्ये कुर्डुवाडीहून दुसऱ्या बाजूला पंढरपूरपर्यंत रूळ गेले. आता डब्यात माणसं आली, तीही एकदम. आषाढीची वारी पायी, पण एकादशी झाली की लाखभर पावलं परतीची वाट धरतात, आणि परतीला गाडी चालते. वर्षभर निवांत असलेल्या छोट्या मार्गावर चार दिवसांत पूर यावा तशी गर्दी. प्रवासी डबे अशा गर्दीला पुरत नाहीत. यात्रेच्या काळात मालडब्यात यात्रेकरू भरतात, ही त्या काळी देशभरातल्या रेल्वेंविरुद्धची कायमची तक्रार होती. त्यातच पंढरपूरच्या यात्रेशी पटकीची भीती जोडलेली, त्यामुळे रेल्वेचा विषय आरोग्य खात्याच्या फायलींमध्येही जातो. मी बराच काळ फक्त रेल्वेच्या फायली बघत होतो. वारकऱ्यांची गाडी आरोग्याच्या कपाटात असू शकते, हे उशिरा सुचलं. तुम्ही आधीच बघा.

पुढे 1911 मध्ये मार्ग लातूरला पोचला, म्हणजे निजामाच्या हद्दीत. 1927 मध्ये पंढरपूरहून मिरजेला. एकूण लांबी 202 मैल, 325 किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला हैदराबाद संस्थान, दुसऱ्या टोकाला मिरज संस्थान, मध्ये इलाखा, आणि मालक कंपनी लंडनची. एक छोटी गाडी आणि तीन-चार राज्यकर्त्यांची दप्तरं. मधल्या काळाचे कागद कमी आहेत असं आपल्याला वाटतं, त्याचं एक कारण हेच. ते एका ठिकाणी नाहीत.

740: जे इंजिन परत वाफेवर आलं

आता माथेरान. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी नेरळ–माथेरान रेल्वे उभी केली, 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी चालली. सल्लागार इंजिनिअर? तोच, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पण इथे त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. बार्शीच्या मुलखात प्रश्न वजनाचा होता, इथे वळणाचा. गेज आणखी अरुंद, दोन फूट. चढ वीस फुटांत एक फूट. वळणं इतकी आवळ की सरळ, ताठ आसांचं लांब इंजिन त्यात अडकणार.

म्हणून बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची सहा चाकी इंजिनं आली, क्लीन-लिंडनर पद्धतीची. यात टोकाच्या आसांवर पोकळ आस बसवलेला असतो. आतला आस इंजिनाच्या सांगाड्यात ताठ फिरतो, बाहेरचा पोकळ आस चाकांसकट थोडा तिरका होऊ शकतो. त्यामुळे चाकं वळणाप्रमाणे वळतात आणि तरीही ओढत राहतात. एकाच सल्लागाराच्या हाताखालची ही दोन इंजिनं शेजारी ठेवली की दिसतं, इंजिनाचा आकार इंजिनिअरच्या प्रतिभेपेक्षा जमिनीने जास्त ठरवला.

माथेरानची ही चार इंजिनं 738 ते 741 या क्रमांकांनी ओळखली जातात. त्यातलं 740 आज इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरच्या लेटन बझर्ड रेल्वेवर आहे, आणि दुरुस्त होऊन वाफेवर चाललेलं आहे. ती रेल्वेही दोन फुटी. मुळात 1919 मध्ये वाळू वाहण्यासाठी टाकलेली, आता हौशी स्वयंसेवक ती चालवतात. सह्याद्रीच्या वळणांसाठी केलेले पोकळ आस आता इंग्लंडच्या गावाकडच्या रुळावर फिरतात.

मला त्या स्वयंसेवकांबद्दल आदर आहे. वाफेचं इंजिन परत चालवणं म्हणजे रंगरंगोटी नाही. बॉयलर उघडायचा, नळ्या बदलायच्या, दाबाची चाचणी द्यायची, झिजलेल्या चाकांवर नव्या धावा चढवायच्या, नसलेले भाग नव्याने घडवायचे. वर्षानुवर्षं चालणारं काम. आणि चालतं इंजिन एक गोष्ट शिकवतं जी कागद शिकवू शकत नाही: थंड इंजिन वाफेवर यायला किती तास लागतात, फावडं किती वेळा उचलावं लागतं, पाणी किती पितं. मधल्या काळातल्या कामगाराची पहाट किती वाजता सुरू व्हायची, याचा अंदाज यातून येतो.

पण इतिहासकार म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवायची. दुरुस्त केलेलं इंजिन नेमक्या कुठल्या वर्षाचं आहे? नळ्या, धावा, बेअरिंग हे भाग नोकरीच्या काळातच अनेकदा बदललेले असतात. जुन्या वाड्याचे खांब बदलले, कौलं बदलली, तरी आपण त्याला तोच वाडा म्हणतो, तसंच हे. दुरुस्ती करणाऱ्याला कुठलं तरी एक वर्ष, एक रंग, एक पाटी निवडावी लागते. निवडलेलं वर्ष दिसतं, बाकीची झाकली जातात.

क्रमांकाचंच बघा. चार इंजिनांची छोटी कंपनी पहिल्या दिवशी 738 पासून मोजायला सुरुवात करणार नाही. तो आकडा सांगतो की ही इंजिनं कधीतरी एका मोठ्या रेल्वेच्या यादीत ओळीने बसवली गेली. म्हणजे 740 हे नाव जन्माचं नाही, नोकरीचं आहे. इंजिनाला सहसा दोन आकडे असतात: कारखान्याचा अनुक्रमांक, जो बदलत नाही, आणि चालवणाऱ्या रेल्वेचा क्रमांक, जो मालक बदलला की बदलू शकतो. दोन्ही टिपून ठेवा. एका आकड्यावरून जन्म शोधता येतो, दुसऱ्यावरून मालकी. हे एक छोटं तंत्र सांभाळलं नाही तर दोन वेगळ्या इंजिनांची कथा एक करून टाकण्याची चूक सहज होते.

1907 पासून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत माथेरानला वाफेची इंजिनं चालली. सुमारे पंचाहत्तर वर्षं. शीर्षकात म्हटलेली ती हीच. 740 समोर उभं राहिलं की बर्लिनचा कारखाना आठवतो आणि लेटन बझर्डचे स्वयंसेवक दिसतात. या दोघांच्या मधल्या, घाटात रोज वाळू टाकून चाकं घसरू न देणाऱ्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या दिसत नाहीत.

कुर्डुवाडी: मधला काळ जिथे राहतो

मग मधला काळ शोधायचा कुठे? माझं उत्तर: कारखान्यात. इंजिन जन्मतं एकदा, पण दुरुस्तीला दर काही महिन्यांनी येतं. बार्शी लाइटची दुरुस्ती कुर्डुवाडीला व्हायची. 1954 मध्ये सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली, तरी कारखाना तिथेच राहिला. आणि इथे आपल्या दोन्ही कथा भेटतात, कारण माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीसाठी याच कुर्डुवाडीत आणले जातात. सोलापूर जिल्ह्यातली नॅरोगेज गेली, तरी नॅरोगेजचं कसब इथल्या हातांत उरलं.

2000 नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. ते व्हायलाच हवं होतं. कुर्डुवाडीला माल उतरवून चढवण्याची गरज संपली, लातूरहून थेट मुंबईला जाता येऊ लागलं. ज्यांनी अडीच फुटी डब्यातून तासन्‌तास प्रवास केला त्यांना विचारा, कुणी हळहळून रडत नाही. "बार्शी लाइट" म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात ते प्रेमाने, पण हसतात. संशोधकाने यात दोन टोकं टाळावीत. एक, "काय ती सुंदर छोटी गाडी" असं हळवं होणं. दुसरं, "इंग्रजांनी कापूस लुटायला टाकलेली गाडी" म्हणून एका वाक्यात निकाल लावणं. दोन्हींमध्ये थोडं खरं आहे आणि दोन्हींमध्ये कुर्डुवाडीचा फिटर नाही.

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या चुकांतून हाती लागलेल्या काही कामाच्या गोष्टी.

कागद कुठे असतील, हे कंपनीच्या रचनेवरून ठरवा. बार्शी लाइटची कंपनी लंडनची, म्हणून तिची नोंदणी आणि भागधारकांची माहिती ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या बोर्ड ऑफ ट्रेडच्या फायलींत शोधायची. सरकारशी झालेला पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात. लातूरकडच्या भागासाठी हैदराबाद संस्थानाचं दप्तर. बार्शीच्या बाजाराची रेल्वेआधीची पार्श्वभूमी 1884 च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये. रेल्वे बोर्डाच्या वार्षिक अहवालांतले तक्ते कंटाळवाणे वाटतात, पण मधल्या काळातली वर्षं ओळीने सापडतात ती तिथेच.

तक्ता वाचताना आधी हिशेब करा. वर केला तसा, आस, टन, गाठी. चौथीच्या गणिताने जेवढं कळतं तेवढं आधी कळून घ्या, मग सिद्धान्ताकडे जा. आरआरसीसमोर फुको उद्धृत करून मी जेवढा टिकलो नाही तेवढा पाच टनांच्या हिशेबाने टिकलो.

आणि माणसांशी बोलायला उशीर करू नका. वाफेच्या काळात फायरमन म्हणून लागलेला तरुण आज ऐंशीच्या आसपास असेल. पुराभिलेखागारातली फाईल पुढच्या वर्षीही तिथेच असेल. ते आजोबा असतीलच असं नाही. भेटायला जाल तेव्हा "इंजिनाबद्दल सांगा" असं विचारू नका, इंजिनाची माहिती पुस्तकातही मिळते. "ड्युटीला किती वाजता निघायचात, डबा कोण बांधायचं, आषाढीला घरी किती दिवस यायचा नाहीत" असं विचारा. मधली वर्षं अशा उत्तरांतून उघडतात. लेखी संमती घ्या, तारीख टाका, आणि रेकॉर्डिंगची प्रत त्यांच्या घरी द्या.

सिनॉप्सिसच्या त्या पहिल्या प्रकरणाचं पुढे काय झालं? ते आता दुसरं प्रकरण आहे, आणि पंधरा पानांचं पाच पानांवर आलंय. पहिलं प्रकरण कुर्डुवाडीच्या फलाटावर सुरू होतं, एका बाजूला अडीच फुटी डबा, दुसऱ्या बाजूला साडेपाच फुटी, आणि मध्ये गाठ पाठीवर घेतलेला माणूस. इंजिन त्यात आहेच. ते थोडं पुढे, वाफ धरून, गाठी चढायची वाट बघत उभं आहे.